घसरगुंडीवरच्या कुरडया

तळमजल्यावरच्या काकू नसत्या, तर धाराशिवातली माझी वॉचमनची नोकरी गेलीच असती. मी उमरग्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथं ओळखीचं कुणी न्हाय, म्हणून मोबाइलवर दिसतील त्या ठिकाणी खरंच चालत जायचा खेळ खेळायचो. पण जवळचं ठिकाण एसटी स्टँडवर! दोनदा गेट सोडून गेलो आणि सेक्रेटरींनी शेवटची ताकीद दिली.

मग मी सोसायटीचं खेळाचं मैदानच त्या खेळात घालावं म्हणून खेळाच्या कंपनीला फोटो पाठवला. उत्तर आलं, कुणाच्या घरचं अंगण चालत नाही.

काकूंनी फोटो बघितला आणि हसत सुटल्या. "येड्या, घसरगुंडीवर माझ्या कुरडया, पाटीवर माझी गोधडी. अंगणच वाटंल की!"

"पण मैदान सगळ्यांचं हाय, काकू."

"मग तसं दिसू दे."

त्यांनी गोधडी ओढली. खाली पाटी निघाली : 'सर्व रहिवाशांसाठी'. कुरडया उचलून नवा फोटो काढला, आणि आठवड्याभरात मैदान मंजूर झालं!

मैदान गेटला लागूनच, म्हणून आता मी गेटवर बसूनच खेळतो. कुरडया पुन्हा घसरगुंडीवर आल्यात, अन् चिमण्या हाकलायचं काम आपसूक माझ्याकडं आलंय. पण तेवढ्यानं भागायचं न्हाय. एक दिवस आईच्या हातच्या डबाभर कुरडया आणून काकूंचे उपकार फेडीन.