दिवसपाळीची नऊ गाणी

नांदुऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या प्रसेनजितनं तीन वर्षं घालून एक अल्बम केला, 'दिवसपाळी'. नऊ गाणी, पण गोष्ट एकच. जिनिंगच्या कारखान्यात कापूस साफ करणाऱ्या बाईचा सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळपर्यंतचा दिवस. एक गाणं संपतं तिथूनच दुसरं सुरू. त्याची आई बेबीताई बावीस वर्षं त्याच कामावर होती. गिटार आणि गाणं त्याचं, ड्रम प्रतीक्षाचे, बेस प्रज्वलचा.

अल्बम ऐकून पुण्याच्या एका म्युझिक कंपनीनं कळवलं, तिसरं गाणं तेवढं द्या, आणि 'मले'चं 'मला' करा. प्रसेनजितनं नकार दिला. महिन्याभरानं चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी मोबाईलवर तेच तिसरं गाणं वाजत होतं. 'मला'सकट, प्रज्वलच्या आवाजात. प्रसेनजितनं त्याला गाठलं.

"तूनं मले इचारलं काऊन नाही बे?"

"तू हो म्हटलं असतं काय? नऊ गाणे कोण ऐकते आजकाल? एक चाललं तं बाकीचे लोकंच शोधतीन."

कुणी शोधली नाहीत. लग्नात डीजेवाले मात्र ते गाणं वाजवायला लागले. ओळखीचे पाठ थोपटायचे, तेव्हा प्रसेनजितच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गाण्यातल्या बाईचं बोट मशीनमध्ये सापडतं, आणि त्यावर लोक नाचत होते.

शेवटी वडनेर भोलजीच्या एका कार्यक्रमात तो आणि प्रतीक्षा अख्खा अल्बम वाजवायला उभे राहिले. तिसऱ्या गाण्याला शिट्ट्या पडल्या. चौथ्यापासून खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. त्यानं दात-ओठ खात नऊही गाणी पुरी केली.

खाली उतरला तर पहिल्या रांगेतल्या सिंधूताई थांबल्या होत्या. बेबीताईंबरोबर कामाला होत्या त्या.

"बाबू, सहावं गाणं चुकलं तुहं. जेवाच्या टाइमाले मशीन बंद दाखवली तूनं. मशीन कुठी बंद होते? आम्ही आळीपाळीनं जेवत होतो. मायनं सांगतलं नाही काय?"

तो चिडला. त्या बरोबर होत्या म्हणून जास्तच चिडला.

घरी आल्या आल्या त्यानं आईला विचारलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बरोबरच हाय तिचं. तू मले कधी इचारलंच नाही. तुले वाटलं, तुले मालूम हाय."

रविवारी प्रतीक्षा आली. प्रज्वलनं फोन उचलला नाही. दोघांनी सहावं गाणं पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं, आणि बेबीताई समोर बसून एकेक ओळ खोडायला लावत होती.