देवाचा हातोडा, तिचं चोपणं

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे कोपरीच्या आगरात मिठाच्या वाफ्याचा तळ चोपला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. दिवाळी सरली की दर साली तेच. पावसानं मऊ झालेला चिखल आधी पायांनी तुडवायचा, मग लाकडाच्या चोपण्यानं ठोकून ठोकून फरशीसारखा करायचा. पुढं त्यात खाडीचं पाणी सुकून मीठ धरलं की पांढरं निघतं. हे काम तळ ओला आहे तोवरच. एकदा ऊन लागून भेगा पडल्या की त्या वाफ्याचं मीठ सगळा हंगाम मातकट, त्याला कोणी हात लावत नाही.

दोघांनी शेजारी उभं राहायचं आणि मागे मागे सरकत जायचं. माझा एक ठोका, तिचा एक ठोका. बोलणं चालू असलं तरी ठोका चुकत नसे. बोलणं अर्थात तिचंच.

तिच्या चोपण्याचा दांडा आखूड होता. केव्हातरी मोडला तेव्हा मी नवा घालून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. आखूडच हाताला बसला होता. मला तो वापरायचा तर पार वाकावं लागे.

त्या दिवशी ती ठाण्यातल्या मिशनच्या बंगल्यावर मीठ देऊन आली होती. तिथं एक बाई राहायची. गोरी, पण इंग्रज नव्हे. उत्तरेला नॉर्वे म्हणून बर्फाचा मुलूख आहे, तिथली. मराठी मोडकं बोलायची, पण पुष्कळ बोलायची, म्हणून माझ्या बायकोचं तिच्याशी जमायचं. त्या दिवशी जाताना चोपणं हिच्या खांद्यावरच होतं.

“अवो, बाईनं माझं चोपनं बघितलं नि हसाय लागली,” ती म्हणाली. “त्यांच्या जुन्या देवाचा हातोडा असाच होता म्हनं. आखूड दांड्याचा. घडवताना लोहाराला माशी चावली, त्यात दांडा कमी पडला.”

“देवाच्या लोहाराला माशी चावते?”

“तुमाला नाय चावत? ऐका. ढगात गडगडतं ते तो देव हातोडा हानतो म्हनून. राक्षसावर फेकला का राक्षस मारून आपसूक परत त्याच्या हातात. आनि लगीन असलं का तोच हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवायचे, आपन ओटी भरतो तसा.”

“आता कुठाय तो?”

“कुठं असनार? त्या देवाला आता कोनी पूजत नाय. गोष्ट तेवढी ऱ्हायली. पन बाई बोलते, बर्फात कुठं सापडला तर त्यांच्या राजाकडं जाईल. राजाला गादीवर बसवतात ना, तवा मुकुट असतो, सोन्याचा दंड असतो, तलवार असते. त्यात हा पन ठेवतील. मखमलीच्या उशीवर घालून मिरवत आनतील.”

मी म्हटलं, “चांगलं आहे की. देवाची वस्तू राजाघरी गेली.”

“काय चांगलं? राजा तो फेकनार हाय का?”

“राजा कशाला फेकेल? लोकांच्या डोक्यात पडायचा. नमस्कार करील आणि पेटीत ठेवील.”

“मंग परत कसा येईल हातात? फेकलाच नाय तर येनार कुठून?”

मी हसलो. तुझं काय जातंय, तुझा राजा आहे का, म्हणून तिला टोकलं. ती म्हणाली, राजा नसू दे, दांडा तर माझा हाय. मग तिनं त्या राजाचा बंदोबस्तच करून टाकला. मुकुट घालायच्या आधी त्याला आमच्या वाफ्यात उभा करायचा. हा घे हातोडा, कर तळ. कंबर मोडेस्तोवर चोपलंस की जा, बस गादीवर.

“त्याचं मीठ काळं निघेल,” मी म्हटलं.

“निघू द्या. त्यालाच खायला घालू.”

हे तिचं शेवटचं हसणं. अर्धा वाफा झाला होता. पाठीत धरलंय, जरा टेकते, म्हणून ती बांधावर बसली. मी चोपत राहिलो. माझा ठोका पडे आणि मधली जागा रिकामी जाई, तरी माझ्या काही ध्यानात येईना. मी राजाचाच विचार करत होतो. त्याला चिखलात कसं उभं करायचं, जोडे काढायला लावायचे की नाही, असलं काहीतरी. तिला विचारावं म्हणून वळलो, तर ती बांधाला टेकलेली, डोळे उघडे, आणि चोपणं मांडीवर.

हाका मारल्या. शेजारच्या आगरातली माणसं धावली. तिचं माहेर बाळकुमचं, तिकडं निरोप गेला, तिचा भाऊ आला. दिवस मावळायच्या आत खाडीकाठी सगळं आटपलं. त्यावर मी काही लिहीत नाही. लिहिता येत नाही म्हणा.

घरी आलो तर सुनेनं तिचं चोपणं धुऊन आणलेलं. ती जिथं निजायची तिथं दिवा लावला होता. दिव्याशेजारी तिच्या लुगड्याची घडी आणि घडीवर चोपणं, हळदकुंकू लावून. आल्यागेल्या बायका त्याच्या पाया पडत होत्या. मुलगा म्हणाला, “बाबा, हे आता कोनी वापरायचं नाय. आईची आठवन.” मेव्हणा म्हणाला, “आनि सुतक फिटेपर्यंत आगरात कोनी पाय घालायचा नाय. मीठ कोपतं.”

दोघंही वाईट बोलत नव्हते. आमच्यात तसंच चालतं. सूनही मायेनं करत होती, सासूवर तिचा फार जीव. पण मी त्या घडीकडं बघितलं आणि मला ती मखमलीची उशीच दिसायला लागली. चिखल निघाल्यावर ते चोपणं कुणाचंच वाटेना. कडेला तिच्या अंगठ्यानं खळगा पडला होता, त्यात नेमकं कुंकू भरलं होतं.

आणि तिकडं तो वाफा अर्धा पडला होता. तिनं ठोकलेल्या तळाच्या कडेला कच्चा चिखल. सुतक फिटेपर्यंत त्याच्या खापऱ्या झाल्या असत्या आणि भेग कच्च्यातून पक्क्यात शिरली असती. म्हणजे तिनं शेवटचं केलेलं काम तेही गेलं असतं. हातोडा राजाघरी उशीवर आणि तळ फुटलेला. ती असती तर माझी सालटी काढली असती.

सकाळी उजाडताच उठलो. घडीवरचं चोपणं उचललं आणि निघालो. सून दाराशी आडवी आली.

“मामंजी, ते कशाला नेता? आनि सुतकात आगरात?”

“सुतक मला आहे. वाफ्याला नाही.”

“लोक काय बोलतील?”

“बोलू दे. ऊन चढायच्या आत परत येतो.”

वाफ्यात उतरलो. माझं चोपणं कालचं तिथंच पडलं होतं, त्याला हात लावला नाही. तिचंच घेतलं. दांडा आखूड, म्हणून पार वाकलो. पहिल्याच ठोक्याला कुंकू चिखलात उतरलं. जिथं ती थांबली होती तिथून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत गेलो. एक ठोका घालायचा आणि एका ठोक्याएवढं थांबायचं. एकट्यानं चोपायची मला सवय नव्हती.

बऱ्याच वेळानं बांधावर पावलं वाजली. सून आली होती. मला वाटलं, न्यायला आली. पण तिनं कासोटा खोचला, उतरली, आणि माझं लांब दांड्याचं चोपणं उचललं.

“हातावर थुंकी लाव,” मी म्हटलं. “नाहीतर फोड येतील.”

ऊन चढायच्या आत तळ पुरा झाला. चोपणं मी खाडीच्या पाण्यात धुतलं आणि बांधावर, नेहमीच्या जागी, उलटं करून वाळत ठेवलं.