शेजारच्या आक्का आणि जगातली एकूण एक गोष्ट

जगातल्या ज्या गोष्टीवर आमच्या शेजारच्या आक्कांनी मुलांसाठी पुस्तक लिहिलेलं नाही, ती गोष्ट बहुधा अजून जन्माला यायची आहे. ज्वालामुखी झाला, मीठ झालं, माणसाची हाडं झाली, पूल कसे बांधतात ते झालं, शिंक का येते हेसुद्धा झालं. निपाणीत त्यांची आणि आमची भिंत एकच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भिंतीपलीकडून एक तर टाइपरायटरचा खडखडाट येई, नाहीतर "अगं, हाईस का घरात?" अशी हाक येई. हाक आली की मी बसल्या जागी दमायची. कारण जे लिहायचं ते आधी करून बघायचं, असा आक्कांचा नेम. आणि करून बघायचं ते आमच्या घरी, हा दुसरा नेम.

आक्का जैन. जमिनीखाली वाढलेलं काही त्यांच्या स्वयंपाकघरात जात नाही. तरी त्यांनी कांद्यावर पुस्तक लिहायला घेतलं. मग काय, माझ्या ओट्याशी स्टूल टाकून त्या बसू लागल्या. "चीर की गं. सावकाश चीर, घाई न्हाय." मी चिरायची, दोघी मिळून रडायचो, आणि डोळे पुसत त्या विचारायच्या, "आता खाऊन बघ. आधी गोड लागतंय का आधी तिखट?" मी म्हटलं, "आक्का, कांद्यासारखं लागतंय." त्या चिडल्या. "असं लिवून पोरांस्नी काय कळणार, डोंबल?" पण जन्मात कांदा तोंडात न घेतलेल्या त्या बाईचं पुस्तक आलं, ते माझ्या यजमानांनी वाचलं आणि मिटल्याबरोबर भजी मागितली. गांडुळांच्या पुस्तकात माझी लोणच्याची काचेची बरणी गेली. तिच्यात मातीचे थर लावून आक्का दिवसचे दिवस तिच्यापुढे बसून असायच्या. पुस्तक संपल्यावर एकेक गांडूळ परसात सोडताना म्हणत होत्या, "जावा रं बाबांनो आपापल्या घरी, लई ताप दिला तुमास्नी." मला दिलेल्या तापाबद्दल चकार शब्द नाही. प्रतिध्वनीच्या पुस्तकासाठी त्यांनी आमच्या यजमानांना विहिरीत तोंड घालून ओरडायला लावलं. आमचं भांडण झालं आणि ते जीव द्यायला निघाले, अशी समजूत होऊन अख्खी गल्ली जमा झाली. आक्का मात्र शांतपणे म्हणाल्या, "आणि एकदा वरडा, अण्णा. या माणसांमुळं नीट ऐकू आलं न्हाय."

मांजरावर त्या कन्नडमध्ये रागवायच्या, लिहायच्या मराठीत, आणि कोल्हापूरच्या प्रकाशकाशी फोनवर दोन्ही भाषांत भांडायच्या. लग्न केलं नाही. वडिलांची तंबाखूची वखार भावाने विकली आणि तो बेंगळुरूला गेला. आक्का आणि टाइपरायटर मागे राहिले. गंमत म्हणजे, सगळा जन्म मुलांसाठी लिहिण्यात गेला, पण प्रत्यक्ष मूल दिसलं की आक्कांची पाचावर धारण बसे. गल्लीतल्या पोरांचा चेंडू अंगणात आला तर त्या आत जाऊन दाराला कडी लावत आणि मला हाक मारत, "अगं, तेवढा चेंडू देऊन टाक. माझ्याशी बोलाय लागली तर काय बोलू मी?"

मग गेल्या पावसाळ्याआधी प्रकाशकाने सांगून टाकलं, की आता मराठीत मुलांची माहितीची पुस्तकं कुणी घेत नाही, तूर्त थांबू या. खडखडाट बंद झाला. पहिले काही दिवस मी सुखाने दुपारची झोपले. नंतर झोप येईना. आक्का ओसरीवर नुसत्या बसून असत. पुढ्यात कोरे कागद नाहीत, बरणी नाही. "काय लिहिताय सध्या?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "काय न्हाय. लई झालं लिवून. वाचतंय कोण?" त्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती, आणि मला तेच सहन होईना.

माझी भाची संकेश्वरला एका इंग्रजी शाळेत शिकवते. तिला सांगून मी आक्कांना तिच्या वर्गात यायचं बोलावणं धाडलं. आधी त्या नाहीच म्हणाल्या. "मला घाम फुटतोय गं पोरांपुढं." शेवटी मी सोबत येते म्हटल्यावर कशाबशा बसमध्ये चढल्या.

वर्गात भाचीने त्यांची पुस्तकं टेबलावर मांडली. मुलांची झुंबड उडाली, चित्रं बघून झाली. एका मुलीने शिंकेचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचू लागली, "ना... का... ती... ल..." ओळ काही संपेना. तिने पुस्तक मिटलं. "आज्जी, आमाला एवढं मराठी वाचाय येत न्हाय. बोलाय येतंय. तुमीच सांगा की."

आक्कांचा चेहरा उतरला. आयुष्यभर ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांना ती अक्षरंच लागत नव्हती. त्या आता उठून चालू लागणार असं मला वाटलं. पण त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघतच सुरुवात केली, "शिंक म्हंजे... नाकातला वारा, बाळांनो. लई जोरात पळणारा." मागच्या बाकावरच्या दोघांना उमजेना, तर तेच कन्नडमध्ये सांगितलं. कुणीतरी खोटं शिंकलं. मग सगळा वर्ग शिंकला. आणि आक्का, पोरांना बघून कडी लावणाऱ्या आमच्या आक्का, खळखळून हसल्या. शिंकेवरून गाडी हाडांवर गेली, हाडांवरून ज्वालामुखीवर. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कुणी हलेना. आईबाप फाटकाशी येऊन उभे राहिले तेव्हा कुठे मुलं उठली.

परतीच्या बसमध्ये बसलो तेव्हा उसाच्या फडांवर ऊन कलंडलं होतं. वाटेतच सूर्य बुडाला. दिवस मावळल्यावर आक्का अन्नाला शिवत नाहीत, आणि दुपारपासूनचा डबा त्यांच्या मांडीवर तसाच होता. मी हळहळले, "आक्का, जेवायचं राहिलं की हो."

"राहू दे गं." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग म्हणाल्या, "एवढी पुस्तकं लिवली, पण नवं काय कळलं म्हंजे पोरांचं तोंड कसं हुतंय, ते कधी बघितलंच न्हवतं."

"आता परत लिहाल?" मी विचारलं.

"आता दमले," त्या म्हणाल्या. पण बोलताना हसत होत्या. थोड्या वेळाने त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. गाडीच्या धक्क्याने पडेल म्हणून मी डबा हळूच माझ्याकडे घेतला आणि न हलता बसून राहिले. संकेश्वर ते निपाणी अंतर तसं थोडंच. त्या संध्याकाळी ते आणखी थोडं लांब असतं तर बरं झालं असतं.