आपल्या गावात एकही रुग्ण नाही

टाळेबंदी लागून थोडेच दिवस झाले होते. आमच्या गावचे नगराध्यक्ष, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. मास्क हनुवटीवर होता. माझे वडील आतून बाहेर आले तसा आबांनी तो नाकावर ओढला आणि बोलायला लागताना पुन्हा खाली घेतला.

"नाना, एक काम होतं. गावाला दोन शब्द सांगायचेत. घरात थांबा, हात धुवा, घाबरू नका. तुमच्या आवाजात पाहिजेत."

"अध्यक्ष तुम्ही. तुम्हीच सांगा."

"मी बोललो की लोक म्हणतील, आला मतं मागायला. तुमच्या आवाजाला गाव थांबतं."

ते खरं होतं. गिरणेच्या काठावरचं आमचं गाव लहान, पण नगरपालिकेचं. तिथे माझ्या वडिलांचा, म्हणजे गावाच्या नानांचा, एका खोलीचा छापखाना आहे. मोर्चाची पत्रकं, जयंतीची पत्रकं, कापसाच्या भावासाठी रास्ता रोको असला तर त्याची पत्रकं तिथेच निघायची. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचायला शिकले. छापखान्याशिवाय नानांचं दुसरं काम म्हणजे भोंग्याच्या रिक्षातून बोलणं. आमच्याकडे माणूस गेलं की रिक्षा गल्लीगल्लीतून फिरते आणि अंत्ययात्रेची वेळ सांगते. तो आवाज वर्षानुवर्षं माझ्या वडिलांचा होता. तो ऐकू आला की बायका पीठ मळायचं थांबवून दारात येत, पुरुष टोप्या काढत, आणि नाव कळेपर्यंत कुणी बोलत नसे. जात कोणतीही असो, मरणाची बातमी आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाच्या तोंडून ऐकायला गावाला कधी अडचण वाटली नाही. बाकीच्या गोष्टींत वाटायची.

बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मजकूर स्वतः लिहिला. रेकॉर्ड करण्याआधी त्यांनी नगरपालिकेच्या दवाखान्यात फोन करून विचारलं की गावात खरंच कुणी नाही ना. नव्हतं. मग छापखान्याच्या खिडकीला गोधडी लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत ते मोबाइलसमोर बोलले. "नमस्कार. मी नाना बोलतोय. आपल्या गावात एकही रुग्ण नाही. घाबरू नका. घराबाहेर पडू नका."

दुसऱ्या दिवशी रिक्षा फिरली आणि सगळं गाव दारात आलं. सवयच तशी. "नमस्कार, मी नाना बोलतोय" एवढं ऐकलं की पुढे कुणाचं तरी नाव येणार हे ठरलेलं. घराबाहेर पडू नका हे ऐकायला माणसं घराबाहेर पडली, टोप्या हातात घेऊन उभी राहिली. समोरच्या ओट्यावरून एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन गया रे?"

त्याच्या मुलाने उत्तर दिलं, "कोनीच नही गया. तेच सांगी ऱ्हायना तो."

गल्ली हसली. मीही हसले. पण रिक्षा वळून गेल्यावरही माणसं थोडा वेळ तशीच उभी होती, जणू नाव सांगायचं राहून गेलंय आणि रिक्षा परत येईल.

बाबा अस्वस्थ झाले. त्यांनी आबांना फोन केला की माझा आवाज काढा, लोक बाहेर येतात. आबा खूश होते. "बाहेर आले म्हणजे ऐकलं, नाना. अजून काय पाहिजे?"

मग वेशीवर एक फळा उभा राहिला. काळ्या फळ्यावर पांढऱ्या रंगात माणसाएवढं शून्य. रोज संध्याकाळी आबा त्या शून्यासमोर उभे राहून मोबाइलवर लाइव्ह येऊन गावाशी बोलत. भुसावळला रुग्ण निघाले, जळगावला निघाले, धुळ्यात निघाले, आपल्याकडे शून्य. हे शून्य तुमचं आहे, त्याला कुणाची नजर लागू देऊ नका. खाली लोक हात जोडल्याची चित्रं टाकत. मी एकदा लिहिलं, "तपासण्या किती केल्या?" माझं वाक्य काही क्षणांत पुसलं गेलं.

त्यानंतर आमच्या गावात एक गोष्ट सुरू झाली जी मला अजून नीट सांगता येत नाही. माणसं न सांगता जायला लागली. पलीकडच्या गल्लीतल्या अक्का पापड लाटायला ओट्यावर बसत, त्या दिसेनाशा झाल्या. विचारलं तर सून दार अर्धवट उघडून म्हणाली, "माहेरी गेल्यात." अक्कांचं वय माहेर उरण्याचं नव्हतं. नाल्याजवळ कुणी तरी गादी जाळली होती, तिचा कापूस वाऱ्याने काटेरी बाभळीत अडकला होता. कुठेही रडण्याचा आवाज आला नाही. ज्या गावात आजारी म्हातारा गेला तरी भोंगा फिरायचा तिथे भोंगा रोज फिरत होता आणि सांगत होता की कुणालाही काही झालेलं नाही.

बाबा आबांकडे गेले. वाक्य बदलू या म्हणाले. आबा "बघू" म्हणाले. मग ते रिक्षावाल्याकडे गेले. त्याने मान खाली घातली. "नाना, पेनड्राइव्ह नगरपालिकाना शे. डिझेल बी तेस्नं. मी काय करू?"

त्या रात्रीच्या जेवणाला बाबा एवढंच बोलले की आपण एकही पत्रक तारखेशिवाय छापलं नाही. कारण पत्रकातली गोष्ट त्या दिवशी खरी असते, आणि पुढे ती वाचणाऱ्याला ती केव्हाची आहे हे कळायला हवं. आवाजाखाली तारीख कुठे घालायची?

मग त्यांना ताप आला.

पहिले काही दिवस आईने काढा दिला. नंतर ताप उतरला आणि श्वास चढला. उन्हाळा असा होता की दुपारी गल्ली पांढरी दिसायची, कुत्रीसुद्धा गटारीत पडून असायची. त्या शांततेत लांबून रिक्षा यायची. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. आवाज जवळ येऊ लागला की आई हातातला पंखा थांबवायची. "नमस्कार. मी नाना बोलतोय." धडधाकट, भरलेला, कित्येक आठवड्यांपूर्वीचा आवाज खिडकीतून आत यायचा आणि खाटेवरच्या माणसाला ओलांडून जायचा. एकदा मी पाहिलं, बाबांचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते. "एकही" या शब्दापाशी त्यांचा श्वास संपला आणि ओठ थांबले. बाहेरचा आवाज पुढे गेला.

मी शेजाऱ्यांच्या दारावर गेले. जिल्ह्याला न्यायला गाडी हवी होती. शेजारच्या भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुना बाप? आत्तेच तं गया गल्लीमधून. बठ्ठा गावनी आयकं."

"भाऊ, ते रेकॉर्ड केलेलं आहे."

"मंग काय व्हयनं? आवाज तं चांगला शे."

त्यांना माहीत होतं की ते रेकॉर्ड आहे. तरी ते तसं बोलले आणि तसंच मानत होते. नगरपालिकेच्या दवाखान्यात फोन उचलणारा हसला. "ताई, नाना आजारी? सकाळी दारात उभं राहून ऐकलं मी त्यांना." डॉक्टरांनी फोन घेतला, खोकला विचारला, मग आवाज खाली आणला. गावात रुग्ण नाही, मी कोणत्या आधारावर चिठ्ठी देऊ? चिठ्ठीशिवाय जळगावच्या सरकारी दवाखान्यात खाट नाही आणि रस्त्यातला पोलीस सोडणार नाही. आबांशी बोला.

आबांच्या घरी गेले. ते गॅलरीत होते. मी खाली अंगणात, ते वर. मला त्यांना राक्षस ठरवायचं नाही, ते माझ्याइतकेच घाबरलेले होते. फक्त त्यांच्या घाबरण्याची किंमत आमच्या घरात पडून होती.

"एक नाव निघालं की गाव सील, पोरी. लोकांच्या घरात कापूस पडलाय. केळीच्या गाड्या बंद होतील. बोलणं सोपं असतं."

"माझ्या वडिलांना श्वास येत नाही."

ते कठड्यावरून खाली वाकले. "माझी गाडी घे. धुळ्याला ने. ऊन लागलं म्हणून सांग. पत्ता शिरपूरचा टाक, तिकडे तुझी मावशी असते ना? खाट मिळवून द्यायची जबाबदारी माझी. गावाचं नाव नको."

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मी लहानपणापासून खोट्याविरुद्ध घोषणा देत आले होते, आणि आता खोटा पत्ता टाकला तर वडील जगतील असं सांगितलं जात होतं. आई म्हणाली, "टाक. शिरपूर टाक. पाहिजे तर चंद्रावरचा टाक." मी आईशी वाद घातला नाही. मी गाडीची चावी घ्यायला पुन्हा निघाले होते.

बाबांनी हात वर केला. "रिक्षा बोलव," ते म्हणाले.

"रिक्षाने जळगावला कसं नेणार, बाबा?"

"दवाखान्यापर्यंत. माइक लावून."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "एक श्वास धड येत नाही आणि भाषण करायचंय यांना," ती म्हणाली. मग उठली आणि त्यांना धुतलेला सदरा घातला.

रिक्षावाला आला. तोंडाला पंचा, पुढच्या सीटमागे खताच्या पोत्याचं प्लास्टिक बांधलेलं. मला वाटलं तो नाही म्हणेल. त्याने बाबांकडे पाहिलं आणि पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. "बठा, नाना. मनी माय बी खोकी ऱ्हायनी," तो घरी पडलेल्या आईबद्दल म्हणाला.

दुपारची वेळ होती. मी बाबांना धरून मागे बसले. त्यांनी माइक तोंडाशी नेला. आधी शब्द आलेच नाहीत. भोंग्यातून फक्त श्वास आला. आत ओढलेला, मध्येच अडकलेला, शिट्टीसारखा सुटलेला. छपरावरच्या त्या भोंग्याने तो श्वास एवढा मोठा केला की घरांच्या भिंतीच धाप टाकतायत असं वाटलं. माणसं सवयीने दारात आली. टोप्या निघाल्या. कुणाला आवाज ओळखू येईना.

"मी. नाना." श्वास. "मला. तो ताप आहे." श्वास. "कुणाला असेल. तर सांगा."

एक म्हातारी हात जोडून उभी होती, तिचे हात तसेच राहिले. मग दारं लागायला लागली. आम्ही पुढे जाऊ तशी एकामागून एक, दोन्ही बाजूंनी. कडी, अडसर, कडी. भोंग्यातला श्वास आणि कड्या, एवढंच गावात ऐकू येत होतं. शेजारच्या भाऊंचं दार सगळ्यात जोरात लागलं.

पण बाजारपेठेच्या वळणावर एक खिडकी उघडीच राहिली. आतून बाईचा आवाज आला, "नाना, आमना घरमा बी शे." माणूस दिसलं नाही. पुढच्या गल्लीत एका बंद दारामागून कुणी नुसतं दार ठोकलं, आतल्या बाजूने. त्याच्या पुढच्या घरातूनही. रिक्षा हळू चालली होती आणि बंद दारं आतून वाजत होती. बाबांनी माइक खाली ठेवला आणि डोळे मिटून ते ऐकत राहिले.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी सगळं आतून ऐकलं होतं. त्यांनी काही न विचारता चिठ्ठी लिहिली. रुग्णवाहिका बाबांना घेऊन जळगावला गेली. आम्हाला बरोबर जाऊ दिलं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले आणि मी आणि आई आत राहिलो.

दवाखान्याचा फोन लागत नव्हता. लागला तर कुणी उचलत नव्हतं. वडील जिवंत आहेत की नाहीत हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. आणि तेव्हा रिक्षा आली, नवा रिक्षावाला, नवा आवाज. आबा स्वतः बोलत होते. "नमस्कार. आपल्या गावात एक रुग्ण होता. नाना आता बरे आहेत. अफवांवर विश्वास ठेवू नका."

आई पीठ मळत होती. ती तशाच हातांनी दारात गेली. मीही गेले. आयुष्यभर ज्या माणसाला मी पत्रकांतून प्रश्न विचारले त्याच्या भोंग्यासमोर मी उभी होते आणि मनातून म्हणत होते, पुन्हा म्हणा. नाना बरे आहेत, पुन्हा म्हणा. रिक्षा वळेपर्यंत आम्ही उभ्या होतो. पुढचे कित्येक दिवस आम्ही तिची वाट पाहिली. दुसरी बातमीच नव्हती. आईने त्या आवाजावर जेवायला सुरुवात केली.

बाबा परत आले. अर्धे होऊन आले, पण आले. बाबांमागोमाग जळगावला नेलेली त्या वळणावरच्या घरातली बाईही परत आली. रिक्षावाल्याची आई आली नाही.

गल्लीचे बांबू निघाले तेव्हा मी आबांकडे गेले. भांडायलाच गेले होते. मी विचारलं, "बाबा बरे आहेत हे तुम्हाला कुणी कळवलं होतं?"

आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा नवल वाटल्यासारखं.

"कळवणार कोण? माझाही फोन लागत नव्हता. लोक विचारत होते, काहीतरी सांगावं लागणार ना."

मी मागे फिरले. घरी आले तेव्हा आईने विचारलं, काय म्हणाले आबा? मी तिला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.