आजोबांवर गेलेली नात

नात जन्मली तेव्हाच न्हाव्याने जाहीर करून टाकलं, की पोरगी सगळीच्या सगळी आपल्यावर गेली आहे. नाक आपलं, भुवया आपल्या, टक्कल तर विचारूच नका. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून तो हे सांगे, त्यामुळे वाद घालायची कुणाची छाती नव्हती. विहीणबाईंनी एकदा कानांवर हक्क सांगून पाहिला. कान घ्या, म्हणाला, पण ऐकणार ती आमचंच.

वर्षाच्या आतच पोर पांढरीफटक पडली. शीमधून रक्त जाऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आतड्यात मऊ गाठींचे घोस आहेत. दुर्बिणीने काढता येतील, पण हे दुखणं घराण्यातून येतं. घरात कुणाला असा त्रास आहे का?

झालं! इतके दिवस नाक-डोळे वाटून घेणारी मंडळी एकदम छताकडे बघायला लागली. न्हाव्याची बायको तेवढी बोलली. आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही, म्हणाली, आणि सुनेकडे असं पाहिलं की बिचारी पोरीला छातीशी धरून भिंतीला टेकली. घरी आल्यावर तर तोंडाचा पट्टाच सुरू झाला.

आता गंमत बघा. रक्त न्हाव्यालाही जायचं, कित्येक वर्षांपासून. मूळव्याध असेल म्हणून त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा हा बहाद्दर त्या दुर्बिणीच्या नळीला मात्र जाम टरकून होता. दुकानात तो गप्प गप्प राहू लागला, तेव्हा गिऱ्हाइकांना वाटलं याचा दात दुखतोय.

एकदा जेवताना बायको पुन्हा सुनेच्या माहेरावर घसरली. न्हाव्याने ताट बाजूला सारलं.

"नाक माझं, टक्कल माझं, मग आतडं काय शेजाऱ्याचं?" तो म्हणाला. "मलाही रक्त जातं. पोरगी माझ्यावरच गेलीय. सुनेला बोलायचं काम नाही."

मुलाचा घास तोंडातच राहिला. त्याच्याकडे वळून बापाने बजावलं, "तू काय बघतोस? तुला टाळून गेलं काय ते तिच्याकडे? तपासून घ्यायला माझ्यामागे तुझा नंबर."

नळी आत जाताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हलू नका. हे वाक्य आपलं आहे, असं सांगायचं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती, भीतीने. नातीच्या निघाल्या तशाच त्याच्याही गाठी निघाल्या. त्यातली एक बिघडायच्या बेतात होती. आणखी उशीर केला असता तर हाताबाहेर गेलं असतं, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

सासू-सुनेची भांडणं थांबली असं नाही, पण आता त्यात माहेर निघत नाही. नात बाळसं धरू लागली आहे. आणि दुकानात वस्तरा परजत न्हावी गिऱ्हाइकांना सांगतो, की आपणच नातीवर गेलो आहोत.