शील्ड एकाच टोकाला

दोन्ही गिटारी जोडलेल्या होत्या आणि स्पीकरमधून नुसतं 'घूंऽऽ' येत होतं. जोशी सरांनी तार छेडली की त्या घूंच्या मागून कुठूनतरी बारीक सूर यायचा. चार वाजता त्यांच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्यांचा निरोप समारंभ होता. तिथे ते मुलीबरोबर वाजवणार होते. दोन वाजून गेले होते.

आमचं वर्कशॉप मोशीत. आम्ही कंट्रोल पॅनल बनवतो, म्हणजे मशिनी चालू-बंद करणाऱ्या वायरिंगच्या पेट्या. जोशी सर आमच्या चाकणच्या कस्टमरकडे मेंटेनन्सला. त्यांच्याकडे अँप्लिफायर एकच, त्याला सॉकेटही एकच. दोन गिटारी त्यात जाव्यात आणि मुलीची गिटार पायाने बंद करता यावी, असा पेडल त्यांना हवा होता. विकत मिळतो, पण त्यांना आमच्या हातचा पाहिजे होता. तात्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ते काम माझ्यापुढे सरकवलं.

मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. बाकी टेबलावरचे सगळे आयटीआयवाले. मला तात्यांनी ड्रिलवरून उचलून वायरिंगला बसवलं ते निव्वळ विश्वासावर; त्याची जाण आजही आहे. हे पहिलं काम पूर्ण माझं. बिघडलं तर परत ड्रिल, असं कुणी म्हणालं नव्हतं. मी मात्र तेच धरून चाललो होतो.

काम तसं साधं. दोन गिटारींच्या वायरी नुसत्या एकत्र बांधल्या, तर एकीचा आवाज कमी करताच दुसरीही बसते. म्हणून प्रत्येकीच्या वाटेत एक रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा छोटा पार्ट, घालायचा. मग एकीचं दुसरीला फारसं बाधत नाही. प्लॅस्टिकचा बॉक्स, तीन सॉकेट, एक फूटस्विच. संपलं.

"मोटर तर झकास वाजतीय राव," शेजारून सचिन म्हणाला. मी मान वर केली नाही. रेझिस्टर पुन्हा तपासले. स्विच काढून थेट जोडून पाहिलं. घूं तसंच.

तात्या येऊन मागे उभे राहिले. मी म्हणालो, "सगळं नियमाने केलंय तात्या. शील्डपण एकाच टोकाला."

"आपल्या सेन्सरच्या केबलीत आत वायरी किती अस्त्यात?"

"दोन."

"आन् ह्या गिटारच्या?"

मी बॉक्समध्ये परत पाहिलं. सेन्सरच्या केबलीवर तारेची जाळी असते, तिला शील्ड म्हणतात. ती बाहेरची घरघर अडवते. दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली तर तिच्यातूनच घरघर शिरते, म्हणून एक टोक मोकळं ठेवायचं. हे मला इतकं पाठ होतं की बॉक्समध्येही जाळी मी फक्त अँप्लिफायरकडच्या सॉकेटला जोडली होती, गिटारींच्या दोन सॉकेटना नाही. गिटारच्या केबलीत आत वायर एकच. सिग्नल तिच्यातून येतो आणि जाळीतून परत जातो. मी परतीचा रस्ताच तोडून ठेवला होता.

गिटारींच्या दोन्ही सॉकेटची जाळी जोडायला वायरचे दोन तुकडे लागले. सोल्डर नीट बसलं. सरांनी पुन्हा तार छेडली, मुलीने दुसरी. दोन्ही गिटारी स्वच्छ ऐकू आल्या.

"चला, उशीर होतोय," एवढंच सर म्हणाले. बॉक्स मात्र त्यांनी दोन्ही हातांत धरून नेला.

तात्या म्हणाले, "उद्या मोठं पॅनल घे."

तेव्हापासून केबल हातात आली की आधी ती सोलून आतल्या वायरी बघतो. नियम त्यानंतर.