परवानगी नसलेली खिडकी

डॉर्कस तांते, म्हणजे माझी डॉर्कस आत्या. वय सत्त्याहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि आवाज असा की तिला फोनची खरं तर गरजच नाही. त्या दिवशी मात्र तिने फोन केला.

"गाडी काढ. आपली बराक सापडलीय."

"कुठे?"

"हार्मकडे. कोंबड्या राहतात तिच्यात."

वेस्टरबोर्कची छावणी एकाहत्तर साली मोडली तेव्हा बराकी लाकडाच्या भावाने विकून टाकल्या, कुणी गोठा केला, कुणी कोठार. आता चाळीसेक वर्षांनी छावणीच्या स्मारकवाल्यांना एक बराक मूळ जागी परत उभी करायची होती. खूण पटवायला त्यांनी तांतेला बोलावलं होतं, आणि तांतेने मला. ड्रायव्हर म्हणून, हे वेगळं सांगायला नको.

हार्म हा तिथला शेतकरी, दारातच उभा होता. "चाळीस वर्षांत कोंबड्यांची एक तक्रार नाही बघा," तो म्हणाला.

"आमच्या पुष्कळ होत्या," तांते म्हणाली आणि कोंबड्या हुसकत थेट मागच्या भिंतीपाशी गेली. खाली वाकून तिने एका फळीवर थाप मारली. फळी कुरकुरत बाहेर उघडली. दीड वीत रुंद, वीतभर उंच खिडकी. बिजागरीच्या जागी फौजी बुटाचं कातडं ठोकलेलं.

"पापांचा डावा बूट," ती म्हणाली. पापा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा.

आजोबा डचांच्या फौजेत लढले. इंडोनेशिया स्वतंत्र झाला, तेव्हा डचांनी आम्हा मोलुक्कन बेटांवरच्या लोकांना सहा महिन्यांसाठी म्हणून बोटीत घालून इकडे, त्यांच्या देशात आणलं. ते सहा महिने अजून चालू आहेत. आणि ठेवलं कुठे, तर या छावणीत. जेवण सरकारी मुदपाकखान्यातून यायचं: उकडलेले बटाटे, वर पिवळट पाणी. खोलीत चूल पेटवायला सक्त मनाई. आजी चार दिवस ते जेवली आणि पाचव्या दिवशी आजोबांना म्हणाली, "भिंतीला भोक पाड, नाहीतर मी पोहत घरी जाते." म्हणून ही खिडकी, धूर जायला. पण वास कुठे ऐकतो? छावणीचा व्यवस्थापक नाक वर करून बराकीबराकींतून हिंडायचा.

चोपन्न सालच्या शरदातली गोष्ट. तांते सतरा वर्षांची, खोलीत एकटीच, रॉकेलच्या स्टोव्हवर मिरचीतला बांगडा. खिडकीतून पाहते तर लांब कोटातला एक डच साहेब बाहेर उभा. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला, हलायचं नाव नाही. हिने मनाशी पक्कं केलं, हा ऑफिसचा हेर. आणि घाबरून काय केलं असेल? पेटता स्टोव्ह कढईसकट खाटेखाली सरकवला! शहाणपणाची कमालच. क्षणात वरची घोंगडी धुमसायला लागली.

धूर दिसताच तो साहेब दार ढकलून आत धावला. स्टोव्ह बाहेर ओढून विझवला, घोंगडी पायांनी तुडवली. आणि मग पायाखालच्या फळ्यांकडे बघत खिळल्यासारखा उभा राहिला.

"मी आत आलो," तो म्हणाला.

"आलात तर आलात. आधी दार लावा, वास जातोय बाहेर."

त्याचं नाव बारेंड झेहांडेलार. अ‍ॅमस्टरडॅमचा ज्यू. त्रेचाळीस साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो आईबरोबर याच खोलीत होता. दर मंगळवारी इथून पूर्वेच्या मृत्युछावण्यांकडे ज्यूंनी भरलेली गाडी सुटायची. आई एका मंगळवारी गेली, तो पुढच्या. परत आला तो एकटा. त्यानंतर ही जागा बघायला तो तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा फाटकातून मागे फिरला होता.

तांते सांगते, "मला काय बोलावं सुचेना. मग मी ताट वाढलं."

पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेवढ्यात दारावर थाप. व्यवस्थापक! बारेंडने काय करावं? अंगातला कोट काढून कढईवर पसरला.

"इथे काही शिजतंय का?" व्यवस्थापकाने विचारलं.

बारेंडने घास गिळला, डोळे पुसले आणि म्हणाला, "मला तर कसलाच वास येत नाही." डच साहेबाने सांगितल्यावर तो बिचारा काय बोलणार? गेला. त्याची पावलं लांब जाईपर्यंत दोघांनी हसू दाबून धरलं. नंतर बारेंड पोट धरून हसला. "या खोलीत मी कधी हसेन असं वाटलं नव्हतं," म्हणाला. कोटाचा बांगड्याचा वास वर्षभर गेला नाही. पुढे तो दर शरदात जेवायला यायचा, छावणी मोडल्यावर आमच्या आसेनच्या घरी. सहा वर्षांपूर्वी वारला.

बराक उचलून परत मूळ जागी उभी केली आणि मग वास्तुतज्ज्ञ युरियान यांनी जाहीर केलं, की खिडकी बुजवायची. का, तर बराक त्रेचाळीस सालची हवी आणि खिडकी नंतरची आहे.

"म्हणजे आम्ही झालोच नाही?" तांते माझ्याकडे बोट करून कडाडली. "याचा बाप त्या भिंतीपाशी जन्मला! आधी पळून आलेले ज्यू राहिले, मग पकडून आणलेले ज्यू, मग युद्ध संपल्यावर त्यांना पकडून देणारेच कैदी, मग आम्ही, मग कोंबड्या. सगळे पुसणार?"

"बाई, लोक इथे गाड्यांमध्ये घालून नेलेल्यांसाठी येतात," युरियान शांतपणे म्हणाले. मला त्यांचा राग आला. आणि ते खोटं बोलत नव्हते, म्हणून जास्तच आला.

निर्णय समितीचा होता, आणि समितीवर होती रोझेट, बारेंडची मुलगी. परतताना गाडीत तांते म्हणाली, "ती बंद करा म्हणाली, तर मी एक शब्द बोलणार नाही. तिची आजी इथून गेली रे. माझी नुसती खिडकी." तांते एक शब्द बोलणार नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

समिती आली त्या दिवशी तांते खरंच कोपऱ्यात हाताची घडी घालून गप्प उभी होती. रोझेट भिंतीपाशी गेली, वाकली, खिडकी उघडून पाहिली, मिटली, परत उघडली.

"बाबांना आजीबद्दल बोलता यायचं नाही," ती म्हणाली. "विचारलं की उठून जायचे. पण या खिडकीची गोष्ट सांगा म्हटलं, की बसायचे. मिरची, धूर, तो व्यवस्थापक... आणि हसता हसता मध्येच म्हणायचे, 'खाट होती ना, तिथेच आई झोपायची. तिला थंडी वाजायची.' मला आजी ठाऊक आहे ती एवढीच. खिडकी बुजवलीत, तर मी आजीकडे कुठून जाऊ?"

युरियान यांनी चष्मा काढून पुसला, आणि खिडकी राहिली. शेजारी पाटी लावायची ठरली. काय लिहू, असं त्यांनी तांतेलाच विचारलं. "लिहा, परवानगी नव्हती," ती म्हणाली. तसंच लिहिलंय.

त्या शरदात आम्ही गेलो तेव्हा रोझेट बराकीत होती. तांते मागच्या बाजूला गेली, पिशवीतून केळीच्या पानातला गरम बांगडा-भात काढला आणि खिडकीतून आत सरकवला. खायचे पदार्थ आणायला मनाई, अशी ठळक पाटी फाटकावर आहे. मी ती तिला वाचूनही दाखवली होती.

रोझेटने दुसरा घास घेतला आणि पहारेकरी दारात आला, नाक वर करून.

"इथे कुणी काही खातंय का?"

कायद्याची प्राध्यापक आहे ती. तिने पान कोटाखाली दाबलं, घास गिळला, आणि गालांवरून ओघळणारं पाणी न पुसता म्हणाली, "मला तर कसलाच वास येत नाही."

पहारेकऱ्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, हळूच टोपी काढली आणि पाय न वाजवता निघून गेला.

खिडकीबाहेर तांतेने माझा दंड घट्ट धरला. "हुबेहूब बाप," ती म्हणाली.